हाताने चालते, रात्री का चालत नाही? बॅकअप स्क्रिप्टची गोष्ट

या आठवड्याच्या व्हिडिओतला मुद्दा इथे सविस्तर लिहितोय. कमांडचं अचूक स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे.

काळेवाडीतल्या माझ्या दुकानात काउंटरवर लिनक्सचा कॉम्प्युटर आहे. रोज रात्री 11 वाजता बिलिंगचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी व्हावा म्हणून मी शेल स्क्रिप्ट लिहिली, टर्मिनलवर चालवून पाहिली आणि क्रॉनला लावून दिली. दीड महिन्याने, 9 तारखेला कॉम्प्युटरची डिस्क गेली. 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायचा होता. बॅकअप उघडला, तर त्यात एकच फाइल, मी हाताने चाचणी घेतली त्या दिवशीची! दोन रात्री जागून बिलबुकातून सगळं पुन्हा टाकलं.

चूक कुठे होती? बॅकअपच्या फोल्डरचा पत्ता मी ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून ठेवला होता. टर्मिनल उघडलं की ती फाइल वाचली जाते. क्रॉन ती वाचत नाही.

आपल्या पट्ट्यातलं उदाहरण देतो. दिवसपाळीच्या कामगाराला पाना कुठे टांगलाय ते माहीत असतं. रात्रपाळीला नवा माणूस आला, तर त्याला चिठ्ठीत सगळं लिहून द्यावं लागतं. क्रॉन म्हणजे हा रात्रपाळीचा नवा माणूस. त्याचा पाथसुद्धा तोकडा असतो.

मग एरर का दिसला नाही? क्रॉन एरर मेलने पाठवतो. माझ्याकडे मेलची सोयच नव्हती. सिस्टिमच्या लॉगमध्ये रोज एकच ओळ पडत होती: ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’. ती मी कधी पाहिलीच नाही.

तुम्ही असं करा:

1. ‘एन्व’ कमांडचं आउटपुट एकदा टर्मिनलवरून आणि एकदा क्रॉनमधून फाइलमध्ये घ्या. दोन्ही शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.
2. लागणारे व्हेरिएबल स्क्रिप्टमध्येच लिहा. फोल्डरचे पत्ते पूर्ण द्या.
3. वरच ‘सेट वजा यू’ टाका. न ठरवलेला व्हेरिएबल आला की स्क्रिप्ट तिथेच थांबते.
4. आउटपुट आणि एरर, दोन्ही लॉग फाइलमध्ये वळवा.

पुसण्याची कमांड असेल तर व्हेरिएबल रिकामा नाही ना, हे आधी तपासा. जानेवारी 2015 मध्ये ‘स्टीम’ या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये असाच एक व्हेरिएबल रिकामा राहिला. पुसण्याची कमांड थेट मुळापासून चालली आणि एका वापरकर्त्याच्या फाइल्स बाहेरच्या ड्राइव्हसकट गेल्या. माझं त्या मानाने थोडक्यात निभावलं.

आता सकाळी शटर उघडलं की अगरबत्तीनंतर माझं पहिलं काम ठरलेलं: बॅकअप फाइलची तारीख आणि साइज बघायची. महिन्यातून एकदा ती उघडूनही पाहतो. तुम्ही तुमची शेवटची बॅकअप फाइल कधी उघडली होती? आज दुकान बंद करण्याआधी एकदा बघाच.