ऊसतोडीचा हंगाम आणि घरचे मूल

दसरा-दिवाळी सरली की मराठवाड्यातील अनेक गावांतून बिऱ्हाडे बाहेर पडतात. परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुकाही यास अपवाद नाही. भांडीकुंडी, पीठमीठ, अंथरूण-पांघरूण आणि कडेवरची मुले घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या मागेपुढे, परततात. गोदावरीच्या उत्तरेस वसलेल्या या तालुक्यास जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळू लागल्यापासून येथील शिवारातही ऊस उभा राहिला. त्यामुळे येथून कुटुंबे तोडीला जातात, तशी बाहेरची कुटुंबे तोडीसाठी येथे येतातही. हंगामात आईवडिलांवाचून गावी राहिलेले मूल आणि आईवडिलांबरोबर फडावर आलेले मूल, अशी दोन्ही मुले येथील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या दृष्टीस पडतात.

बालसंगोपनाविषयी जो उपदेश केला जातो, त्यात आईवडील रोज सायंकाळी घरी असतात असे बहुधा गृहीत धरलेले असते. मुलासाठी रोज थोडा वेळ काढावा, हे सांगणे योग्यच आहे. परंतु पहाटे अंधारात फडावर जाऊन रात्री मोळ्या भरून देणाऱ्या दांपत्यास त्याचा काय उपयोग? अशा कुटुंबापुढे खरा प्रश्न वेळ किती द्यावा हा नसून, त्या पाच-सहा महिन्यांत मुलाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा आहे. या प्रश्नाचे उत्तर गाडीत बसताना नव्हे, तर उचल घेण्यापूर्वी ठरले पाहिजे.

निर्णय केव्हा व कसा घ्यावा

ऊसतोडीत पतिपत्नीच्या जोडीस एक ‘कोयता’ मानले जाते. मुकादमाकडून उचल घेतली की दोघांनाही जाणे भाग पडते. उचल पुष्कळदा पावसाळ्यातच घेतली जाते. मुलाचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी होतो आणि ठेवण्याची सोय नाही म्हणून त्यालाही गाडीत बसविले जाते.

या बाबतीत एक साधा नियम पाळणे हितावह ठरेल. अंगावर पिणारे मूल आईजवळच असावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला मऊ वरचे अन्न, हा त्याचा हक्क आहे. शाळेत जाणारे मूल मात्र शक्यतो गावातच राहावे. शाळेचे दुसरे सत्र आणि तोडीचा हंगाम हे जवळजवळ एकाच वेळी येतात. दरवर्षी हे सत्र बुडाले की मूल मागे पडते, मागे पडले की वर्गात बसण्यास लाजते आणि एके दिवशी शाळा सोडून वाढे गोळा करण्याच्या किंवा धाकट्या भावंडास सांभाळण्याच्या कामाला कायमचे लागते.

गावी राहणारे मूल

आजी-आजोबांजवळ मूल ठेवताना ‘घरात सगळेच आहेत’ एवढ्यावर भागत नाही. कोणा एका व्यक्तीचे नाव पालक म्हणून ठरवावे आणि ते वर्गशिक्षकास व अंगणवाडी सेविकेस सांगावे. आईवडिलांचा, मुकादमाचा व एका शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक, मुलाचे आजारपण व चालू औषधे एका कागदावर लिहून तो घरात व शाळेत ठेवावा. खर्चाची रक्कम वृद्धांच्या हाती एकदम न देता महिन्याच्या महिन्यास पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

जाण्याची गोष्ट मुलापासून लपवू नये. झोपेत असताना निघून गेल्यास मूल पुढे प्रत्येक रात्री धास्तावते. केव्हा जाणार, केव्हा येणार आणि मध्ये केव्हा बोलणार, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. आठवड्यातील दोन ठरावीक दिवशी व ठरावीक वेळी बोलणे झाले, तर ते अधूनमधून होणाऱ्या दीर्घ संभाषणापेक्षा अधिक आधार देते. ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ एवढेच न विचारता शाळेत आज काय झाले, कोणाशी खेळलास, हेही वडिलांनी विचारावे. हे काम एकट्या आईचे नव्हे.

आईवडील परत आल्यावर लहान मूल कधी जवळ येत नाही, तर कधी क्षणभरही दूर होत नाही. कधी ते अंथरूण ओले करू लागते. हा हट्ट किंवा लाडाचा परिणाम नसून विरहाची खूण आहे. अशा वेळी रागावू नये. काही दिवस शांतपणे सहवास द्यावा.

थोरल्या मुलीकडे स्वयंपाक, पाणी व भावंडे सोपवून जाण्याची रीत मात्र सोडून दिली पाहिजे. दहा-बारा वर्षांची मुलगी मदत करील. ती घरधनीण होऊ शकत नाही. जेथे घरी वडील माणूस नाही, तेथे शाळा व्यवस्थापन समितीने हंगामी वसतिगृहाची मागणी करावी. या व्यवस्थेत मुले आपल्याच गावी राहतात, त्यांच्या जेवणाची सोय होते आणि शाळा चुकत नाही. मात्र मुलांची यादी टोळ्या निघण्यापूर्वी तयार असेल, तरच ही सोय वेळेवर होते.

बरोबर जाणारे मूल

मुलाला न्यावेच लागले तर त्याचे लसीकरण कार्ड कपड्यांच्या आधी बांधून घ्यावे. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. स्थलांतरात नेमकी हीच मात्रा चुकते. तळाजवळच्या गावातील अंगणवाडीत व आरोग्य उपकेंद्रात जाऊन मुलाची नोंद करावी.

शाळेच्या मुलासाठी गावच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्यावे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो, आणि वयाचा दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. तळावरील कोप्यांमध्ये राहणाऱ्या टोळीने आळीपाळीने एक प्रौढ व्यक्ती मुलांजवळ ठेवावी. पाचटात किंवा गाडीच्या सावलीत मूल निजविणे जिवावर बेतू शकते.

येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याचे स्मरण होते. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, या विचाराने त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) कोसबाडच्या परिसरात वस्तीच्या अंगणात अंगणवाडी भरविली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. उसाच्या तळावरील मुलांनाही हाच विचार लागू पडतो.

लग्न हा तोडगा नव्हे

वयात येणाऱ्या मुलीस गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही आईवडिलांची चिंता खोटी नाही. परंतु तिचे लग्न लावून देणे हा त्यावरील उपाय नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत विवाह झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर परभणी जिल्ह्यात सुमारे ४८ टक्के होते. हंगामातील असुरक्षितता हे त्यामागील एक कारण आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस ठरविले असून, गावपातळीवर ग्रामसेवकांवर बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी सोपविलेली आहे. १०९८ या क्रमांकावरही माहिती देता येते. मात्र कायदा लग्न थांबवितो. मुलीस सुरक्षित छप्पर व शाळा देणे हे काम त्यानंतर उरतेच. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली, ती याच गरजेतून.

गावाने काय करावे

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, म्हणजे टोळ्या निघण्याच्या दोन-अडीच महिने आधी, तीन याद्या वाचून दाखवाव्यात : कोणती कुटुंबे जाणार, कोणती मुले मागे राहणार व त्यांचे पालक कोण, आणि कोणती मुले बरोबर जाणार. हंगाम सुरू झाल्यावर गावात उतरलेल्या बाहेरच्या टोळ्यांतील मुलांची चौथी यादी शिक्षक व अंगणवाडी सेविकेने करावी. आपल्या मुलांना परगावी जी वागणूक मिळावी असे वाटते, तीच आपल्या शिवारात आलेल्या मुलांना द्यावी. परभणी येथील कृषी विद्यापीठात पूर्वी गृहविज्ञान म्हणून ओळखले जाणारे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. मागे राहणाऱ्या मुलांच्या आजी-आजोबांसाठी एखादे मार्गदर्शन शिबिर भरविण्यास पंचायतीने तेथील तज्ज्ञांचे साहाय्य मागावे.

पाडव्याला टोळी परतली की मुकादमाकडे हिशेब होतो. किती टन ऊस तोडला, उचल फिटली की अंगावर राहिली, हे पाहिले जाते. त्याच आठवड्यात आईवडिलांनी शाळेत जाऊन मुलाची हजेरी आणि अंगणवाडीत जाऊन त्याचे वजनही विचारावे. त्यात घट दिसल्यास पुढील वर्षाची उचल घेण्यापूर्वी मुलाच्या व्यवस्थेत काय बदल करावयाचा, हे ठरविण्यास पावसाळ्यापर्यंत पुरेसा अवधी असतो.