पाच व्होल्टचे दहा

कापसाचा हंगाम ऐन भरात असताना वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एका भुईकाट्याचा इंडिकेटर आला. आणणाऱ्या मुनीमजींना दम धरवत नव्हता. "भाऊ, काट्यावर वजन दिसून राहिलं, पण कॉम्प्युटरवर येऊनच नाही राहिलं. बाहेर गाड्यांची लाइन लागली!"

नऊ पिनांच्या कनेक्टरवर मीटर लावला. पाचवी पिन ग्राउंड, या इंडिकेटरवर डेटा बाहेर जातो ती पिन दुसरी. मीटरवर उणे २.१ व्होल्ट. ठणठणीत यंत्रात तिथे उणे आठ-नऊ तरी सापडतात. हातभर केबलवर एवढ्यातही एखादे वेळी भागलं असतं. काट्यापासून ऑफिसापर्यंतच्या केबलवर, शेजारी मोटारी धडधडत असताना, भागत नाही.

पण आत पुरवठा आहे फक्त पाच व्होल्टचा. मग हे उणे आठ येतात कुठून?

या कनेक्टरवरची भाषा आरएस-२३२. हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं, त्याची रुळलेली 'सी' आवृत्ती १९६९ची. पाठवणाऱ्याने ५ ते १५ व्होल्ट द्यायचे, '१' या बिटासाठी उणे आणि '०'साठी अधिक. गंगा उलटीच! मानकाप्रमाणे घेणाऱ्याला निदान तीन व्होल्ट मिळाले पाहिजेत. जुन्या १४८८ चिपला त्यासाठी अधिक बारा आणि उणे बारा असे दोन जादा पुरवठे लागत. म्हणजे ट्रान्सफॉर्मरला जादा गुंडाळ्या, जादा रेग्युलेटर. १९८७मध्ये मॅक्सिम कंपनीची 'मॅक्स २३२' आली आणि चार कपॅसिटरांवर हा पसारा आटोपला.

युक्ती दहीहंडीची आहे, नाव चार्ज पंप. पाच व्होल्टवर भरलेला कपॅसिटर सोडवून घ्यायचा आणि त्याचे पाय पुरवठ्याच्या पाच व्होल्टांच्या खांद्यावर ठेवायचे. डोकं दहावर पोचतं. दुसरा कपॅसिटर त्या दहावर भरायचा आणि त्याचं डोकं ग्राउंडला टेकवायचं; पाय आपोआप उणे दहावर. उरलेले दोघे साठा धरून बसतात. चिपमधले स्विच हा खेळ सेकंदाला हजारो वेळा करतात. कॉइल नाही, ट्रान्सफॉर्मर नाही.

कपॅसिटर रचून दाब चढवण्याची कल्पना मात्र जुनी, स्विस शास्त्रज्ञ ग्राइनाखरची. तिच्याच थरांवर कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी केंब्रिजमध्ये काही लाख व्होल्ट गाठले आणि एप्रिल १९३२मध्ये लिथियमचं अणुकेंद्रक फोडलं. त्याच वर्षी डिसेंबरात विनोबा नालवाडीत राहायला आले. सूतकताईच्या मजुरीत भागेल तेवढ्यातच जगायचं, हा त्यांचा इथला प्रयोग. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण चार्ज पंपाचा हिशेब मांडताना मला विनोबांचीच मजुरी आठवते.

कारण व्होल्ट दुप्पट झाले तरी कमाई वाढत नाही. दहा व्होल्टवर एक मिलिअँपिअर घ्यायचा तर पाच व्होल्टांतून दोन द्यावे लागतात, वर चिपचा स्वतःचा खर्च. घेणाऱ्या टोकाचा रोध साधारण पाच किलोओहम, म्हणजे नऊ व्होल्टला दोन मिलिअँपिअरही लागत नाहीत. एवढ्या माफक मागणीवरच हा संसार चालतो. जुनी मॅक्स २३२ रिकामी बसूनही पाचेक मिलिअँपिअर खाते. तिचीच धाकटी मॅक्स ३२३२ तीन व्होल्टांवर चालते, खाते मिलिअँपिअरच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि बाहेर साडेपाचेक व्होल्ट देऊन समाधान मानते. बॅटरीवरच्या काट्याला हीच सून बरी.

प्रत्येक फेरीत कपॅसिटर आपल्या मापाएवढाच भार वाहतो. माप आटलं की दाब बसतो. या बोर्डावर मॅक्स २३२शेजारी एक मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होते. त्यांच्या आतलं द्रावण उष्णतेने सुकतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा कारागिरांचा ठोकताळा. वर्ध्याचा मे महिना आणि पत्र्याच्या केबिनमधली बंद पेटी! एकाच्या पायाशी तपकिरी डाग होता, बाकीचे वरून अगदी शहाणे दिसत होते. चारही काढले, सिरॅमिक बसवले. त्यांच्यात सुकायला काही नसतं.

मीटर पुन्हा लावला. उणे ८.७. मी खूश झालो. मुनीमजी मात्र वाकून आकडा बघत चिंतेत पडले.

"भाऊ, उणे दाखवून राहिलं. वजनातून तर नाही ना कटणार?"