फडातले पिल्लू कोणाचे?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली, की पाचटात कधी कधी मांजरासारखी पिल्ले सापडतात. एखादा विद्यार्थी त्यातले एक उचलून वर्गात आणतो. ते कोणाचे हे ओळखायचे, तर आधी आपले घरमांजर नीट पाहिले पाहिजे.

आपले गावठी मांजर आखूड केसांचे असते. त्याला विशिष्ट ‘जात’ म्हणता येत नाही. जात घडवण्यासाठी माणसाने अनेक पिढ्या नर-मादी निवडून जोड्या लावाव्या लागतात. इथे जोड्या मांजरेच जमवतात. केसांच्या लांबीत एफजीएफ-५ या जनुकाचा मोठा वाटा असतो. आई-बापांकडून मिळालेल्या दोन प्रतींपैकी एक जरी मूळ रूपातली असली, तरी केस आखूड राहतात. म्हणजे आखूड केस हा प्रभावी गुणधर्म आहे. म्हणूनच गावात लांब केसांचे मांजर क्वचित दिसते.

रंगांची मात्र रेलचेल असते. एकाच वेतात काळे, तांबूस, पट्टेदार, तिरंगी पिल्लू असू शकते. ही विविधता माणसाच्या सहवासाची खूण आहे. रानात उठून दिसणारा रंग शिकारीच्या आड येतो.

उसात राहणारे रानमांजर म्हणजे फेलिस चाउस. ते घरमांजराचा पूर्वज नव्हे. तो मान फेलिस लिबिका या वेगळ्या रानटी मांजराचा, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले. रानमांजराचे पाय लांब, शेपूट तुलनेने आखूड व टोकाशी काळ्या वलयांची असते. कानांच्या टोकांवर काळ्या केसांचा छोटा झुपका असतो. अंग बहुधा एकरंगी, भुरकट असते.

पण खरी अडचण पुढेच आहे. रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, त्यामुळे ती पट्टेदार घरमांजराच्या पिल्लांसारखीच दिसतात. कधी ते पिल्लू बिबट्याचेही असू शकते.

सुदैवाने, ओळख पटली नाही तरी नियम एकच आहे. पिल्लू पोरके आहे असे समजू नये. आई बहुधा जवळच दबा धरून असते. पिल्लाला हात न लावता तेथील तोड थांबवावी, माणसांना दूर न्यावे आणि वनविभागाला कळवावे. घरी वाढलेले रानमांजर शिकार शिकत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणे गुन्हाही आहे.

तोड सुरू होण्यापूर्वीच हा पाठ वर्गात घ्यावा. मुलांना आपापल्या वाडीतल्या मांजरांचे रंग, केस आणि शेपटी यांची नोंद करायला सांगावी. घरमांजर नीट पाहिलेल्या मुलाला रानमांजराचे वेगळेपण चटकन जाणवेल.