वेशीतले दगड वाचताना

नांदेड-लातूरकडची ऐतिहासिक ठिकाणं म्हटलं की कंधार, औसा, उदगीरचे किल्ले आणि माहूरगड डोळ्यांपुढे येतात. ते पाहावेतच. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, ती लढाई उदगीरच्याच नावानं ओळखली जाते. पण जुन्या खुणा शोधायचा छंद ज्याला लागतो, त्याची पावलं हळूहळू गावच्या वेशीकडे आणि मारुतीच्या पाराकडे वळतात. तिथं शेंदूर फासलेला, अर्धा जमिनीत गेलेला दगड बहुतेक वेळा वीरगळ असतो.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर. शेजारी गाई कोरल्या असतील तर गोधन राखताना त्याला मरण आलं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, ते आकाशात असेतोवर त्याची कीर्ती राहावी म्हणून. सतीशिळा त्याहून सोपी. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला की ओळखावी.

शिलालेखांपाशी मात्र आपली अक्षरओळख अपुरी पडते, कारण या भागातले कितीतरी जुने लेख कन्नडमध्ये आहेत. त्यात नवल नाही. उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातलं. त्यांच्याही आधीचे राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळं चालुक्य काळातली. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले लेख वाचून १९६८ मध्ये पुस्तकरूपानं आणले. या छंदात पडणाऱ्यानं ते पुस्तक आधी मिळवावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कुठला लेख वाचून झालाय आणि कुठला नाही, हे त्याशिवाय कळणार कसं?

लेखाचा फोटो सकाळी किंवा कलत्या उन्हात घ्यावा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. ती स्पष्ट व्हावीत म्हणून खडू, तेल किंवा रंग अजिबात लावू नये. ऑइलपेंटनं बुजलेली अक्षरं पाहून जीव तुटतो.

आणखी एक अडचण गुप्तधनाची. लेखात खजिन्याचा पत्ता असतो या समजापायी दगड फोडले, उखडले गेले आहेत. खरं तर त्यात बहुधा देवळाला दिलेल्या जमिनीची, करातल्या सवलतीची नोंद असते आणि दान मोडणाऱ्याला शाप. म्हणून गावात गेल्यावर आधी जुन्या जाणत्यांशी, सरपंचांशी बोलावं, कशासाठी आलो ते सांगावं, लेखातला मजकूर कळला तर तोही सांगावा. दगड जागचा हलवू नये. फोटो, गाव आणि नेमकी जागा लिहून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावी.