वाळूच्या खड्ड्यातील नव्वद वर्षे

बेळगावच्या उद्यमबागेत वाळूची पारख हा पोटापाण्याचा विषय आहे. तेथील ओतशाळांतून मोटारींचे आणि पंपांचे बिडाचे सुटे भाग निघतात. ते ज्या साच्यांतून निघतात, त्यांच्यासाठी गोलसर कणांची वाळू, ती बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती आणि बेताचे पाणी यांचा मेळ घालण्यात जाणत्या कारागिराची हयात खर्ची पडते. त्याच शहरात गोल्फचे विस्तीर्ण मैदान आहे. पुष्कळ नगरवासीयांना त्याची खरी ओळख ऑगस्ट २०२२ मध्ये एका बिबट्याने करून दिली, ज्याच्या शोधार्थ हत्ती आणवावे लागले आणि आसपासच्या शाळांना सक्तीची सुट्टी मिळाली. ओतशाळेला जी वाळू प्रिय, ती गोल्फच्या बंकरला, म्हणजे मैदानातील वाळूच्या खड्ड्याला, मात्र चालत नाही. तेथे कण टोकदार हवेत, म्हणजे ते परस्परांत अडकून उतारावर स्थिर राहतात. आणि मातीचा अंश जितका कमी तितका बरा, कारण आमच्याकडच्या पावसात तांबडी माती वाहून बंकरात उतरली की पुढच्या उन्हात तो थर भाजलेल्या साच्यासारखा आवळून बसतो.

या वाळूतून चेंडू बाहेर काढण्यासाठी १९३० च्या सुमारापर्यंत खेळाडूच्या हाती होता तो निब्लिक नावाचा, पातळ तळाचा क्लब. तो वाळूत कुदळीप्रमाणे रुतून बसे, अंगातले बळ तेथेच जिरे आणि चेंडू बहुधा जागच्या जागी राही. हॉर्टन स्मिथ याने प्रचारात आणलेला खोलगट तोंडाचा क्लब घेऊन बॉबी जोन्स १९३० मध्ये हॉयलेक येथील ब्रिटिश ओपन जिंकला खरा, परंतु त्या तोंडाने चेंडूला दोनदा स्पर्श होण्याचा संभव होता, आणि १९३१ मध्ये त्यावर मनाईहुकूम निघाला.

खरी तोड निघाली ती फ्लोरिडात, गोल्फपटू जीन साराझेनच्या हातून. विमान जमीन सोडताना त्याचे शेपूट खाली झुकते आणि नाक वर उचलले जाते, हे पाहून त्याने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने शिसे डाख लावून चढविले, ते कानशीने घासून बेताचे केले आणि पुन्हा पुन्हा वाळूत आजमावून पाहिले. क्लबाचा मागचा काठ आता पुढच्या काठाहून खाली आला, त्यामुळे तो वाळूत न रुतता तिच्यातून घसरत पुढे जाऊ लागला. १९३२ मध्ये प्रिन्सेस मैदानावरील ब्रिटिश ओपनला जाताना हे हत्यार नियमांच्या मुखत्यारांच्या दृष्टीस पडू नये अशी दक्षता त्याने घेतली, आणि २८३ फटक्यांत स्पर्धा जिंकली. मला या प्रकरणात विजयापेक्षा कानशीचे अधिक कौतुक वाटते. आमच्या औद्योगिक वसाहतीतील कोणाही फिटरला ती रीत परकी वाटणार नाही.

पुढील सुधारणा मनगटाची आणि मनाची. बंकरातून मारताना चेंडूला स्पर्शच करायचा नसतो: क्लबाचे तोंड आधी आकाशाकडे उघडायचे, मग मूठ आवळायची, चेंडू पुढच्या पायाकडे ठेवायचा आणि त्याच्या मागे सुमारे पाच सेंटिमीटरवर वाळूत शिरून हात न आखडता फटका पूर्ण करायचा, वाळूची लाटच चेंडूला उचलून नेते. नवशिका बिचकतो तो येथेच, आणि ऐन वेळी हात आवरतो. तीच वाळू पावसाने भिजून घट्ट झाली असेल तर जाड तळाचा क्लब तिच्यावरून उसळून थेट चेंडूच्या मध्यावर आदळतो. अशा वेळी तळाचा फुगवटा कमी असलेला क्लब बरा. वाळू कशी आहे हे ओळखण्यासाठी ती मुठीत घेऊन पाहण्याची मुभा मात्र नाही. उभे राहताना पाय रोवायचे आणि तळव्यांना जे कळेल त्यावर भिस्त ठेवायची.

एवढ्या तयारीनंतरही आजचे अमेरिकी व्यावसायिक हिरवळीलगतच्या बंकरातून सरासरी दोनांत एकदाच दोन फटक्यांत होल पूर्ण करतात. १९७८ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर टॉमी नाकाजिमाचा हिरवळीवरचा चेंडू घरंगळून बंकरात गेला आणि त्या एका होलवर त्याचे नऊ फटके झाले. २०१० मध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्सला डस्टिन जॉन्सनने, प्रेक्षकांनी तुडविलेली जागा बंकर आहे हे न ओळखता क्लब वाळूला टेकविला. बंकरात क्लब टेकविणे नियमाबाह्य असल्याने दोन फटक्यांचा दंड बसून तो प्लेऑफला मुकला. पहिल्याबद्दल हळहळ वाटते. दुसऱ्याबाबत कायद्याची मखलाशी जरा जास्तच झाली, असे माझे मत.

२०१९ च्या नियमावलीने थोडी सैल भूमिका घेतली. बंकरातील पाने आणि खडे आता उचलता येतात, आणि चेंडू खेळण्याजोगा नाही असे जाहीर करून, दोन फटक्यांचा दंड सोसून, तो बंकराबाहेर ठेवता येतो. चेंडूच्या लगत पुढेमागे क्लब टेकविण्यास बंदी मात्र कायम आहे. हौशी खेळाडूंना ही सवलत महाग वाटते. परंतु आठ-नऊ फटके वाळूत घालवून मागच्या मंडळींचा खोळंबा करणाऱ्या गृहस्थाने ती अवश्य घ्यावी.