१९६८ : युद्धाला विरोध, पण मत कोणाला?

व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर अमेरिकी सैनिक असताना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची ही निवडणूक झाली. युद्धाला उघड विरोध करणारे सिनेटर युजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीत ४२ टक्के मते घेऊन खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना घाम फोडला. मार्चअखेरीस जॉन्सन शर्यतीतून बाहेर पडले. त्याच उमेदवारीसाठी उतरलेल्या रॉबर्ट केनेडींची जूनमध्ये हत्या झाली आणि शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने शांततेचा ठराव फेटाळला. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर उरले ते तिघे.

ह्युबर्ट हम्फ्री : उपराष्ट्राध्यक्ष असल्याने जॉन्सन यांच्या धोरणाला बांधलेले. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीत त्यांनी उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवण्याची तयारी दाखवली. तीही अटी घालून आणि फार उशिरा.

जॉर्ज वॉलेस : यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जनरल कर्टिस लमे. अण्वस्त्रांचा लोकांनी उगाच बाऊ केलाय, असे लमे यांनी पत्रकारांना ऐकवले. चाचण्यांनंतर बिकिनी बेटांवर मासे आणि नारळ परतले, उंदीर तर आधीहून धष्टपुष्ट झाले, हा त्यांचा पुरावा! वॉलेस शेजारीच उभे होते.

रिचर्ड निक्सन : ‘सन्मानाने शांतता’ एवढेच. चालू शांतता वाटाघाटी बिघडतील म्हणून तपशील गुलदस्त्यात. प्रत्यक्षात त्यांच्या गोटातून त्यांच्या प्रचारातल्या ॲना शेनॉल्ट यांच्यामार्फत सायगावला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला, निरोप जात होते की, थांबा, आमच्याकडून अधिक चांगला सौदा मिळेल. निक्सन एका टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. युद्ध थांबवण्याचा पॅरिस करार जानेवारी १९७३ मध्ये झाला. तोवर आणखी वीस हजारांवर अमेरिकी सैनिक आणि त्याहून कितीतरी पट व्हिएतनामी मारले गेले होते.