सोबतीवाचून समुद्रप्रवास

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, मराठवाड्याच्या पठारावर वसलेल्या हसनाबादेत कोणी जहाजाने फिरावयास निघाल्याचे सांगितले, तर भाडे, मुक्काम आणि वादळ हे सारे विषय बाजूस ठेवून ऐकणारा प्रथम विचारतो, ‘सोबत कोण आहे?’ भोकरदन तालुक्यातील आम्हां गावकऱ्यांचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या समुदायानेच होत आला आहे. अंगारकीला राजूरच्या गणपतीस पायी जावयाचे ते चार घरांच्या मेळ्याने, आषाढीला पंढरपूर गाठावयाचे ते दिंडीने, आणि लग्नकार्यास जावयाचे ते भरल्या गाडीने. या रीतीत मोठा आधार आहे आणि तो मी जन्मभर घेतलेला आहे. परंतु ज्यांचा जोडीदार निवर्तला, ज्यांनी लग्नच केले नाही, ज्यांची मुले पुण्या-मुंबईस नोकरीत गुंतली, अशी माणसे केवळ सोबतीअभावी घरी राहतात आणि पाहण्याजोगे पुष्कळसे जग न पाहताच वृद्ध होतात, याचे मला फार दुःख वाटते. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर मी वारंवार एकटीने जहाजाचा प्रवास करीत आले आहे, आणि त्यातून माझे एक निश्चित मत बनले आहे : एकट्या माणसाला जहाजाइतके सुव्यवस्थित वाहन दुसरे नाही; मात्र भाडे, दस्तऐवज आणि वेळ या तीन गोष्टींचा हिशेब त्याने स्वतः चोख ठेवला पाहिजे.

जुनी वाट, नवी जहाजे

सोबतीवाचून समुद्र ओलांडण्याचे धैर्य मराठी माणसाला नवे नाही. १८८३ च्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा जहाजावर त्यांच्याबरोबर पती नव्हते, माहेरचे कोणी नव्हते. होत्या त्या केवळ परधर्मीय मिशनरी स्त्रिया, आणि वय होते अठरा वर्षांचे. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे जातिबहिष्काराला आमंत्रण होते, हे ध्यानी घेतले म्हणजे आजच्या एकट्या प्रवाशापुढील अडचणी किती अल्प आहेत ते कळते. पुढे भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीपर्यंत जाणाऱ्या आगबोटींनी कोकणच्या चाकरमान्यांची ने-आण केली. ती सेवा कालांतराने बंद पडली. आणि मराठवाड्याला तर समुद्र कधी वाट्यासच आला नव्हता.

आता परिस्थिती पालटली आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे ‘आंग्रिया’ जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागले. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले, सुमारे ४८ हजार टनांचे आणि अकरा मजल्यांचे हे जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करते. २०२५ च्या सप्टेंबरात बॅलार्ड पियर येथे मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. जालन्याहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने निघालेला माणूस सकाळी ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, तेथून हे बंदर टॅक्सीने अगदी थोड्या अंतरावर आहे. समुद्र आमच्या गावापासून एका रात्रीच्या अंतरावर आला आहे, असे म्हणावयास आता हरकत नाही.

एकट्याला जहाजच का?

एकट्या प्रवाशाचा थकवा पायांपेक्षा मनाला अधिक येतो. नव्या गावी उतरावे, सामान सांभाळीत निवास शोधावा, रात्री जेवणास कोठे जावे याचा विचार करावा, आणि दुसऱ्या दिवशी तीच सामानाची बांधाबांध पुन्हा करावी. दोघे असली की एक सामानापाशी बसतो आणि दुसरा चौकशी करतो, पण एकट्याला हे सुख नाही. जहाज ही सारी विवंचना एका फटक्यात दूर करते. केबिनमध्ये एकदा सामान लावले की परत येईपर्यंत ते हलवावे लागत नाही. जेवण, निवास, वाचनाची जागा, वैद्यकीय कक्ष आणि चोवीस तास जागी असलेली चौकशीची खिडकी, हे सर्व एकाच छताखाली असते, आणि रात्री निजलेला माणूस सकाळी उठतो तो नव्या बंदराच्या दारात. स्त्रीला रात्री नऊनंतर मोकळ्या हवेत निर्धास्तपणे फेरफटका मारता यावा, अशा जागा आपल्याकडे अद्याप थोड्या आहेत; जहाजाचा दिव्यांनी उजळलेला, माणसांचा वावर असलेला डेक ही त्यांपैकी एक आहे.

भाड्याचा हिशेब

पहिली अडचण येते ती भाड्याची, आणि ती आधीच समजून घेतली तर मनस्ताप होत नाही. जहाजकंपन्यांचा सारा हिशेब केबिनवर चालतो आणि एका केबिनमध्ये दोन माणसे राहतील हे त्यात गृहीत धरलेले असते. जाहिरातीतील दर माणशी असला तरी तो दोघांच्या केबिनमधील एका माणसाचा दर होय. समजा, तो दर वीस हजार रुपये आहे; तर केबिनचे चाळीस हजार कंपनीला यावयास हवे असतात, आणि म्हणून एकट्या प्रवाशाकडून दीडपट ते दुप्पट, म्हणजे तीस ते चाळीस हजार मागितले जातात. यात लबाडी नाही. परंतु आरक्षणाच्या आधी ‘एकटीसाठी एकूण रक्कम किती, आणि तीत बंदराचे शुल्क, सेवाशुल्क व कर आले की नाहीत’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि लेखीच उत्तर घ्यावे.

भाडे कमी करण्याचे मार्ग आहेत. सलग सुट्ट्या, दिवाळी आणि नाताळ टाळावे. आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या फेऱ्या बहुधा स्वस्त पडतात. आमच्याकडील शेतकऱ्याला तर कापसाची वेचणी आटोपल्यावर, संक्रांतीनंतर जाणे सोयीचे पडते, आणि त्या सुमारास अरबी समुद्रही शांत असतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर अशा फेऱ्या नसतात. २०२३ च्या जूनमध्ये ‘एम्प्रेस’ चेन्नईला नेऊन तेथून श्रीलंकेच्या फेऱ्या काढल्या गेल्या, त्या याच कारणाने. परदेशी जहाजांपैकी काहींनी एकट्यासाठीच खोल्या बांधल्या आहेत. २०१० मध्ये निघालेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’वर अशा १२८ लहान केबिन आणि त्या प्रवाशांसाठी एक स्वतंत्र बैठकीची खोली ठेवण्यात आली, आणि नंतर इतर कंपन्यांनीही तो मार्ग धरला. अशा केबिन संख्येने थोड्या असल्यामुळे लवकर भरतात. म्हणून पुष्कळ महिने आधी चौकशी करावी.

कागदपत्रे आणि सामान

देशांतर्गत फेरीला आधारकार्डासारखे मूळ ओळखपत्र पुरते. त्यावरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे, असा प्रकार सर्रास आढळतो. तो आरक्षणाआधीच दुरुस्त करून घ्यावा. लक्षद्वीपला जाण्यास बेटांवर न राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही प्रवेशाचा परवाना लागतो. कंपनी बहुधा त्याची तजवीज करते, तरी तो आपल्या नावे निघाला आहे की नाही याची खातरजमा आपणच करावी. परदेशी फेरीसाठी पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने असावी. आणि सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंड करीत पुन्हा सिंगापूरलाच परतणाऱ्या जहाजासाठी एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. प्रवासाचा विमा उतरवावा, आणि त्यात समुद्रावरून रुग्णाला हलविण्याचा खर्च समाविष्ट आहे ना, हे शर्तीत वाचावे.

बंदरावर मोठे सामान ताब्यात घेतात आणि ते केबिनपाशी पोहोचण्यास काही तास लागतात. म्हणून औषधे, त्यांची चिठ्ठी, कागदपत्रे, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातील पिशवीत ठेवावा. सर्व दस्तऐवजांच्या प्रती घरच्या एका विश्वासू माणसाजवळ ठेवाव्या, आणि जहाजाचे नाव, केबिनचा क्रमांक व बंदरांच्या तारखा एका कागदावर लिहून त्यालाच द्याव्या. एकट्या प्रवाशाची खरी सोबत हा कागद करतो. मुंबईस आदल्या दिवशी पोहोचावे. गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही.

केबिन आणि प्रकृती

ज्याला हेलकाव्यांची भीती आहे त्याने खालच्या मजल्यावरील आणि जहाजाच्या मध्यभागातील केबिन मागावी. बैलगाडीत आसाजवळ बसलेल्याला टोकाशी बसलेल्यापेक्षा कमी धक्के बसतात, तसाच प्रकार येथे आहे. वरचे मजले आणि नाळ यांना डोल अधिक जाणवतो. अस्वस्थ वाटू लागले तर केबिनमध्ये पडून न राहता उघड्या डेकवर यावे, क्षितिजावर दृष्टी स्थिर ठेवावी, थोडे कोरडे अन्न खावे आणि सुंठ किंवा आल्याचा तुकडा तोंडात धरावा. मळमळीचे औषध आपल्या डॉक्टरांना विचारून, जहाज सुटण्यापूर्वी घेतलेले अधिक उपयोगी पडते. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन भोजनाची सोय असते. परदेशी जहाजावर मात्र ती आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी. किनारा दूर गेला की मोबाइल जहाजाच्या उपग्रहजाळ्याला जोडला जाऊन मोठे बिल येऊ शकते. म्हणून तो विमान-अवस्थेत ठेवावा आणि घरच्यांना तसे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ती उगाच काळजीत पडत नाहीत.

शिस्त आणि घड्याळ

जहाज सुटण्याच्या सुमारास संकटसमयीच्या एकत्रीकरणाची तालीम घेतात. तिच्याकडे कंटाळवाणा उपचार म्हणून पाहू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मराठी मुलखाने ते दुःख अद्याप विसरलेले नाही. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाल्यानंतर समुद्रावरील जीविताच्या रक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये झाला. आणि २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ आपटून बत्तीस जण मृत्युमुखी पडल्यावर, नव्या प्रवाशांची तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच झाली पाहिजे, असा नियम २०१५ पासून अमलात आला. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा संकटाचा इशारा होय. तो ऐकताच आपण कोठे जावयाचे, लाइफ जॅकेट कोठे आहे आणि लिफ्ट टाळून कोणत्या जिन्याने उतरावयाचे, हे एकट्या माणसाने पहिल्याच संध्याकाळी प्रत्यक्ष चालून पाहावे. कारण अंधारात त्याचा हात धरून नेणारे कोणी नसते.

बंदरावर उतरताना जहाजावरील घड्याळ आणि गावातील घड्याळ यांतील अंतर विचारून घ्यावे आणि परतीच्या वेळेच्या तासभर आधी धक्का गाठावा. जहाजाने आयोजिलेल्या सहलीला उशीर झाला तर बहुधा जहाज थांबते. स्वतः केलेल्या भटकंतीसाठी ते थांबत नाही. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान बोटींतून उतरावे लागते. आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते. तो निर्णय कप्तानाचा असतो आणि तो शांतपणे मान्य करावा. नव्या ओळखीच्या माणसाला केबिनचा क्रमांक सांगू नये, आणि आपण एकटे आहोत हे मोठ्याने बोलू नये. एवढी सावधगिरी पुरते.

जेवणाच्या मेजावर

एकट्याला सर्वांत जड जाणारी वेळ रात्रीच्या जेवणाची. चहूकडे कुटुंबे हसत असताना आपल्यापुढे एकच ताट असते, आणि पुष्कळ जण त्या संकोचाने केबिनमध्येच जेवण मागवितात. मी तसे करू नये असे आग्रहाने सांगते. पहिल्याच दिवशी व्यवस्थापकाला भेटून, सहा-आठ जणांच्या मेजावर रोज तीच जागा द्यावी, अशी विनंती करावी. ती बहुधा मान्य होते. माझ्या मेजावर कधी नागपूरचे निवृत्त अभियंता होते, कधी बडोद्याच्या दोघी बहिणी, कधी आईला समुद्र दाखविण्यास निघालेला सांगलीचा मुलगा. आणि हसनाबादचे पाणी, मोसंबीच्या बागा, सरकीचा भाव यांविषयी त्यांनी जितक्या आस्थेने विचारले, तितक्या आस्थेने शेजारच्या तालुक्यातही कोणी विचारीत नाही. परदेशी जहाजांवरही गोव्याचे आणि कोकणचे खलाशी व वाढपी बहुधा भेटतातच. त्यांच्याशी मराठीत दोन शब्द बोलले की परकेपणा ओसरतो. त्यांचे वेतन आणि मेहनत ध्यानी घेऊन बक्षिसीची रक्कम खर्चात आधीच धरावी.

पहिला प्रवास लहान असावा. मुंबई ते गोवा, दोन-तीन रात्रींचा. त्यात आपली प्रकृती समुद्राला मानवते की नाही, खर्च अंदाजात राहतो की नाही, आणि स्वतःच्या संगतीत आपल्याला करमते की नाही, हे तिन्ही कळते. मानवले तर पुढे लक्षद्वीप आहे, श्रीलंका आहे, सिंगापूर आहे. न मानवले तर हानी फार नाही. आणि घरच्या मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे, की आत्या, काकू किंवा मामा एकट्याने जहाजावर जातो म्हणाला, तर सोबतीचा प्रश्न विचारून त्याचे पाऊल मागे खेचू नये. त्याऐवजी त्याच्या आधारवरील नाव तपासून द्यावे, तिकिटाच्या शर्ती वाचून दाखवाव्या आणि त्याला जालन्याच्या स्टेशनापर्यंत पोहोचवावे. एकट्या प्रवाशाला घरातून मिळणारी सर्वांत उपयोगी सोबत हीच आहे.